कोपरावरचं ठिगळ

दप्तरखान्यात त्यांना सगळे भिंगराव म्हणत. नाव कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नाही, पण पाडलं ते चपखल. खिशात पेन नसलं तरी चालेल, भिंग हवंच. जुना फोटो समोर आला की भिंगराव आधी त्यातल्या माणसांकडे बघत नसत. बूट बघत, कॉलर बघत, दिव्याची काच बघत. माणसं खोटं बोलतात, बुटांना ते जमत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि हे म्हणणं एकदा सुरू झालं की समोरच्याचा चहा निवलाच म्हणून समजा.

या माणसाचं एकच दुखणं होतं, ते म्हणजे इतिहासावरचे सिनेमे. त्यांच्याबरोबर असला सिनेमा बघायला जायची घरात कुणाची छाती होत नसे. पडद्यावर राजा शेवटचे श्वास मोजतोय, बाया डोळे पुसतायत, आणि अंधारातून आवाज यायचा, "त्या काळात असला कंदील नव्हता!" बायको चिमटा काढायची. पुढच्या रांगेतली डोकी मागे वळायची. घरी येईपर्यंत भिंगरावांनी चुकांची माळ ओवलेली असायची, आणि सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसून विचारायच्या, "जावईबापू, आज काय काय खोटं होतं?"

त्यामुळे सिनेमावाले आपल्या पायांनी दप्तरखान्यात आले, तेव्हा भिंगरावांना आभाळ ठेंगणं झालं. दिग्दर्शक सडपातळ, हळू बोलणारा आणि समोरच्याचं सगळं शांतपणे ऐकून घेणारा. असल्या माणसांपासून जपून असावं, पण भिंगरावांना ते उशिरा कळलं.

"आम्ही काडेपेटीच्या कारखान्याच्या आगीवर सिनेमा करतोय सर," तो म्हणाला. "आम्हाला सगळं खरं हवंय. एकेक बटण खरं."

ती आग म्हणजे त्या शहराची जुनी जखम. भर दुपारी लागली होती. आतल्या बहुतेक बाया. कामगारांनी वेळेआधी बाहेर पडू नये म्हणून मॅनेजरने मागच्या फाटकाला बाहेरून कुलूप घालायचा नियम केला होता, आणि किल्ली स्वतःच्या खिशात घालून तो जेवायला गेला होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पहारीने ते कुलूप तोडलं, हाताला लागतील तेवढ्या बाया ओढून काढल्या आणि उरलेल्यांसाठी पुन्हा आत गेला. तो काही बाहेर आला नाही. कारखान्याच्या जागेवर आता नुसतं पटांगण आहे आणि मेलेल्यांच्या नावांचा एक दगड. वाचलेल्या बायांनी हट्ट धरून त्या दगडावर पहारेकऱ्याचं नाव सगळ्यात वर कोरून घेतलं होतं.

तो पहारेकरी म्हणजे भिंगरावांच्या सासूबाईंचा बाप.

सासूबाई तेव्हा एवढ्याशा होत्या. बापाचा डबा घेऊन फाटकाशी आल्या होत्या आणि सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. लग्न झाल्यापासून भिंगरावांनी ती हकीकत इतक्यांदा ऐकली होती की मध्ये कुठे त्या श्वास घेणार हेही त्यांना ठाऊक होतं. "पहारीचे घाव मी मोजत होते. पण मला आकडेच थोडे येत होते, ते संपले. मग परत पहिल्यापासून मोजले." आणि मग, "आत शिरताना बाबांनी कोट काढून माझ्या हातात दिला. धर म्हणाले, मळवू नको." त्या कोटाच्या डाव्या कोपरावर चौकड्याच्या कापडाचं ठिगळ होतं. आईकडे त्या रंगाचं कापड नव्हतं म्हणून. बापाचा एकही फोटो नव्हता. चेहरा तर सासूबाई केव्हाच विसरल्या होत्या, आणि याचं त्यांना फार वाईट वाटायचं. आठवायचा तो कोट, आणि पाठ.

दिग्दर्शकाने कथेचे कागद दिले नाहीत. वस्तूंची यादी दिली. "कथेचं आम्ही बघू सर, तुम्ही वस्तूंचं बघा." भिंगरावांना तेच हवं होतं. फाटकाच्या सळया, शिट्टी, बायांच्या डोक्यावरचे रुमाल, काड्यांच्या पेट्यांवरचं चित्र, सगळं त्यांनी शोधून दिलं. पहारेकऱ्याचा कोट आला तेव्हा त्यांनी अभिमानाने ठिगळही सांगितलं. डावं कोपर, चौकडा.

"वा," दिग्दर्शक म्हणाला आणि लिहून घेतलं.

एक नियमही त्यांनी वाकवला. दप्तरखान्यातला मूळ फोटो बाहेर जात नाही, हा तिथला कायदा. पण आगीनंतरच्या फाटकाचा एकुलता एक फोटो, ज्यात तुटकं कुलूप कडीला लोंबताना दिसतं, तो सिनेमावाल्यांना हवा होता. सिनेमात एक मुलगी दप्तरखान्यात येते आणि तो फोटो बघते असा प्रसंग होता, त्यासाठी तसाच दिसणारा नकली फोटो करायचा होता. कागदाचा पिवळेपणा डोळ्यांनी बघितल्याशिवाय जमत नाही, असं कलादिग्दर्शिका म्हणाली. गोड बोलणारी पोरगी होती. भिंगरावांनी फोटो दिला. वर, नकली फोटोच्या अजून कोऱ्या कागदाच्या पाठीवर नंबर घालणाऱ्याचं अक्षर त्यांना पसंत पडेना, तेव्हा पेन्सिल मागून तो नंबर, मूळ फोटोवर घातला होता तसाच, त्यांनी स्वतःच्या हाताने घातला. पडद्यावर मोठा दिसणार होता ना! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या वेळी त्यांना वाटलं, आपण इतिहासाची सेवा करतोय.

चित्रीकरण बघायला बोलावणं आलं. पटांगणावर कारखाना उभा होता. भिंगरावांच्या अंगावर काटा आला. सळया त्याच, रुमाल तेच, भिंतीवरची काजळीसुद्धा फोटोतल्यासारखी डावीकडे झुकलेली. इतकं खरं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. फक्त अंधार होता, चारी बाजूंनी काळे पडदे लावून दिवसाची रात्र केली होती.

"आग दुपारी लागली होती," ते म्हणाले.

"रात्री ज्वाळा छान दिसतात सर," कलादिग्दर्शिका म्हणाली.

मग पहारेकरी आला. कोपरावर ठिगळ, हातात कंदील. आतून बाया ओरडायला लागल्या. पहारेकऱ्याने इकडे तिकडे बघितलं, फाटक ओढून घेतलं, कुलूप घातलं, किल्ली अंधारात भिरकावली आणि पळून गेला. मग घोड्यावरून मालकाचा तरुण मुलगा आला आणि त्याने फाटक बिजागरीतून उखडलं.

भिंगरावांना आधी वाटलं की तालीम चुकली. पण दिग्दर्शक समाधानाने मान हलवत होता.

"हे असं नव्हतं," भिंगराव म्हणाले. "त्याने कुलूप तोडलं. मॅनेजरने..."

"माहितेय सर. पण मालकाची नातवंडं आहेत अजून, घरातच वकील आहेत त्यांच्या. आणि लोकांना राग धरायला एक चेहरा लागतो. पहारेकऱ्याचं कोण आहे?"

"माझी सासू आहे!"

दिग्दर्शक त्यांच्याकडे वळला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "आम्ही नाव कुठे घेतलंय? कुणीही पहारेकरी असू शकतो तो."

"ते ठिगळ तिच्या बापाचं आहे."

"ते तुम्हीच दिलंत ना सर," तो हळूच म्हणाला आणि पुढच्या शॉटकडे वळला.

चोर सोडून संन्याशाला फाशी. भिंगराव घरी आले, बायकोने विचारलं कसं चाललंय, ते म्हणाले छान. का म्हणाले त्यांचं त्यांना ठाऊक. सासूबाईंनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की माझ्या बाबांवर सिनेमा निघतोय. त्या माउलीला सांगायचं तरी काय? आज सांगू, उद्या सांगू करत सिनेमा लागला. भिंगराव भित्रे होते असं मी म्हणणार नाही. पण वस्तूंशी खरं वागणारा माणूस घरात खरं बोलेलच असं नाही.

थिएटरात सासूबाई मध्ये बसल्या होत्या. तो प्रसंग आला तेव्हा भिंगरावांनी डोळे मिटले. बायकोने त्यांचा दंड धरला तो इतका घट्ट की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. सासूबाई हलल्या नाहीत. शेवटी मालकाचा मुलगा म्हातारा होऊन दप्तरखान्यात येतो आणि त्या मुलीच्या हातातला तो फोटो घेऊन फाडतो, झालं गेलं विसरू या म्हणून. फोटो पाठीकडून दाखवला होता, भिंगरावांचा नंबर पडदाभर. तशातही त्यांच्या मनात आलंच, की दप्तरखान्यात कुणी असा फोटो फाडू देईल का. आणि हेही की नकली कागद काय सुरेख फाटला, जुन्या कागदासारखा, तंतू सोडत. त्यानंतर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं नाव आलं, ऐतिहासिक सल्लागार म्हणून.

बाहेर आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "कोट अगदी तसाच होता हो."

आणि मग, "परत बघायचाय मला."

सिनेमा तुफान चालला. सगळीकडे एकच कौतुक, किती अस्सल, किती बारकाईने केलंय. शाळांमधून मुलांना नेऊन दाखवला. दप्तरखान्यात माणसं मोबाइलवर त्यातली चित्रं घेऊन यायला लागली. याचा मूळ फोटो दाखवा. भिंगराव कारखान्याचे आगीआधीचे खरे फोटो काढून समोर ठेवायचे, तर लोक चेहरा पाडून म्हणायचे, "हा नाही हो. खरा दाखवा."

एका सकाळी घराच्या दारावर कुणीतरी खडूने कुलूप काढलेलं होतं. नुसतं कुलूप, खाली एक शब्द नाही. भिंगरावांनी सासूबाई उठायच्या आत ते पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं, जरा मोठं. दुकानात त्यांची बायको गेली की बोलणं थांबायचं, आणि ती बाहेर पडली की पुन्हा सुरू व्हायचं. शिवी कुणी देत नव्हतं. शिवी दिली असती तर उलटून बोलता तरी आलं असतं.

त्यातच पालिकेत अर्ज गेला. स्मारकाच्या दगडावरून पहारेकऱ्याचं नाव छिन्नीने काढून टाका. अर्ज करणारी कुणी टवाळखोर नव्हती. त्यांच्याच गल्लीतली शिंपीण होती, सासूबाईंना मावशी म्हणणारी, त्यांच्या आजारपणात रात्र रात्र बसलेली. ती स्वतः घरी सांगायला आली.

"मावशी, तुमच्यावर राग नाही माझा," ती रडत म्हणाली. "पण माझी आजी आत होती. तिच्या वर ते नाव मला नाही बघवत."

सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. भिंगरावांना नवल वाटलं, या चिडल्या कशा नाहीत?

त्यांनी कंबर कसली. समितीपुढे सुनावणी होती. तेव्हाचा चौकशीचा अहवाल मालकाच्या माणसांनी लिहिलेला, त्यात पहारेकऱ्याविषयी "मृत" यापलीकडे अक्षर नाही, कुठे मेला, कसा मेला तेही नाही. वाचलेल्या बायांपैकी आता कुणी उरलेलं नाही. पण दोन गोष्टी उरल्या होत्या. कडीला लोंबणाऱ्या तुटक्या कुलपाचा फोटो, आणि ते तुटताना बघणारी सासूबाई. एवढं पुरे होतं. "आई, तुम्ही फक्त रोज सांगता तसं सांगायचं," भिंगराव म्हणाले.

सासूबाई हल्ली रोज सांगत मात्र नव्हत्या. त्या सिनेमा बघत. नातेवाइकांपैकी कुणीतरी तो टीव्हीवर लावून दिला होता, आणि दुपारची निजानीज झाली की त्या तोच प्रसंग मागे नेऊन नेऊन बघत. बायको एकदा ओरडली, "आई, बंद कर ते! आजोबांची बदनामी काय बघतेस सारखी?"

"अगं, चालतात ना ते," सासूबाई म्हणाल्या. "वळून बघतात. तोंड दिसतं त्यांचं."

बायको आत जाऊन रडली.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी भिंगरावांनी त्यांना हकीकत पुन्हा सांगायला लावली. सगळं ठीक चाललं होतं. मध्येच त्या म्हणाल्या, "बाबांनी कंदील खाली ठेवला..."

"कंदील?" भिंगराव म्हणाले. "आई, दुपार होती ना? तुम्ही डबा घेऊन गेला होतात."

"हो की," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भिंगरावांनी मनाला समजावलं, वय झालंय.

समितीची खोली माणसांनी भरली होती. अध्यक्षबाई वयस्कर आणि न्यायाने वागणाऱ्या. भिंगरावांनी चांगली सुरुवात केली. दुपार, नियम, किल्ली कुणाच्या खिशात होती, वाचलेल्या बायांनी नाव वर का कोरलं. लोक ऐकत होते. शिंपीणसुद्धा डोळे पुसायची थांबून ऐकत होती. मग त्यांनी दप्तरखान्यातून आणलेलं पाकीट उघडलं, पाठीवरचा नंबर अध्यक्षबाईंना दाखवला आणि फोटो सुलटा करून टेबलावर ठेवला.

"कुलूप बघा," ते म्हणाले.

अध्यक्षबाईंनी बघितलं. चष्मा लावून पुन्हा बघितलं. "कुलूप तर शाबूत आहे."

भिंगरावांनी फोटो उचलला. फाटक बिजागरीतून उखडलेलं होतं, आणि कडीत कुलूप जसंच्या तसं.

दप्तरखान्यात फोटो तोंडावरून ओळखत नाहीत, पाठीवरून ओळखतात. सिनेमावाल्यांकडून पाकीट परत आलं त्या दिवशी भिंगराव चित्रीकरण बघायला गेले होते. कपाटं सांभाळणाऱ्या बाईंनी नियमाप्रमाणे नंबर ताडून पाहिला, अक्षर भिंगरावांचं, आणि फोटो जागेवर ठेवला. त्यांचं काय चुकलं? पडद्यावर तंतू सोडत फाटला तो कुठला कागद होता, हे भिंगरावांना आता कळलं.

"हा नकली आहे," ते म्हणाले.

"नंबर कुणाच्या हातचा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझ्या."

मागून कुणीतरी हसलं. भिंगराव समजावत राहिले, पेन्सिल, कलादिग्दर्शिका, पिवळेपणा. आणि जितकं खरं सांगावं तितकं ते थाप वाटत गेलं. बुडत्याचा पाय खोलात. शेवटी अध्यक्षबाईंनी हात वर केला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली. "आजी, तुम्ही स्वतः तिथे होतात म्हणे. तुम्ही काय पाहिलंत? सावकाश सांगा."

बायकोने आईचा हात हातात घेतला. आता सगळं या एका म्हातारीच्या शब्दावर होतं. भिंगराव तिच्याकडे बघत राहिले. लहानपणचे आकडे संपेपर्यंत मोजलेले ते घाव, आता ती मोजेल.

"अंधार होता," सासूबाई म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता, जराही कापत नव्हता. "बाबांच्या हातात कंदील होता. आतून ओरडत होते सगळे. बाबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. घाबरले होते हो ते फार. मग कुलूप घातलं आणि गेले पळून. कोट अंगावरच होता, ठिगळ दिसत होतं मला."

"आई!" बायको ओरडली.

"ओरडतेस काय? मी होते तिथे." सासूबाई शिंपिणीकडे वळल्या. "काढू देत ते नाव. तुझ्या आजीच्या डोक्यावर कशाला? मी माफ केलंय त्यांना. माणूस घाबरतो."

शिंपीण उठली आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली. अध्यक्षबाईंनी डोळे पुसले. कारकुनाने शब्द न् शब्द उतरवून घेतला, साक्षीदाराच्या तोंडचा, प्रत्यक्ष पाहिलेला. भिंगराव जन्मभर ज्याला खरा पुरावा म्हणत आले, तो असाच असतो.

जिना उतरताना सासूबाईंनी जावयाचा हात धरला. कितीतरी वर्षांत त्या इतक्या हलक्या पावलांनी चालल्या नव्हत्या.

"जावईबापू, तुमचे उपकार कसे फेडू?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी भलतंच काहीतरी सांगत होते लोकांना. तुमच्यामुळे खरं आठवलं."